फाडूताईंनी निवडलेली सॅक

सॅक बनवणाऱ्या त्या कारखान्यात दोनशे माणसं दिवसभर शिवत आणि एक बाई दिवसभर फाडत असे. म्हणून त्या बाईंचं नाव फाडूताई. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ते इतकं घट्ट बसलं होतं की हजेरीपटावरचं खरं नाव वाचून एकदा नव्या कारकुनाने विचारलं होतं, "ह्या कोण? कधी दिसल्या नाहीत." त्या वेळी फाडूताई त्याच्या समोरच उभ्या होत्या.

त्यांच्या खोलीच्या दारावर 'चाचणी विभाग' अशी भारदस्त पाटी होती. आत जाऊन बघावं तर गोदामामागची एक चिंचोळी खोली, चार मशिनं, एक टेबल आणि एक मोठं पिंप. एक मशीन सॅकची चेन उघडायचं आणि लावायचं, हजारो वेळा, न कंटाळता. दुसरं कापड घासायचं. तिसरं वरून पाणी मारायचं. आणि चौथं म्हणजे झटका मशीन. सॅकमध्ये वाळूच्या थैल्या भरून ती त्याच्या आकड्याला अडकवायची. मशीन ती वर उचलायचं आणि सोडून द्यायचं, पुन्हा उचलायचं, पुन्हा सोडायचं. दर खेपेला पट्ट्यांना हिसका बसे. असे पाच हजार हिसके खाऊन पट्टा जागेवर राहिला तर माल पास.

पास झाली म्हणून त्या सॅकचं भलं व्हायचं, असं मात्र नाही. चाचणी झालेली सॅक वरून नवीकोरी दिसते, पण आतून तिचे टाके ताणलेले असतात, ती कधी दगा देईल सांगता येत नाही. पूर्वी कुणीतरी अशी एक सॅक गुपचूप घरी नेली होती आणि भर रस्त्यात तिचा तळ सुटला होता. तेव्हापासून कारखान्याचा नियमच झाला. चाचणी झालेला नग मशीनवरून उतरला की तिथल्या तिथे चिरायचा, म्हणजे तो कुणाच्याच उपयोगी पडणार नाही. त्यासाठी फाडूताईंच्या कमरेला दोरीने बांधलेली एक वाकड्या पात्याची सुरी असे. सॅक काढायची, उलटी करायची, पट्ट्यांच्या विरुद्ध बाजूने ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत चिरायची आणि पिंपात टाकायची. काढली, उलटी केली, चिरली, टाकली. दिवसाला सात-आठ, आणि असं एकोणीस वर्षं.

सव्वा वर्षापूर्वी एका सकाळी अकराच्या सुमाराला त्यांना फोन आला. नवरा वायरमन होता. एका इमारतीत शिडीवर चढलेला असताना त्याच्या छातीत कळ आली, खाली उतरून तो पायरीवर बसला, आणि बसलेलाच राहिला. फाडूताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. मशीनवर एक सॅक चढवलेली होती, तिचे चारशे हिसके बाकी होते. ते त्यांनी पुरे होऊ दिले. मग सॅक काढली, उलटी केली, चिरली, टाकली, वहीत नोंद केली, आणि नंतर साहेबांकडे जाऊन सुट्टी मागितली.

पहिला महिनाभर लोक म्हणत होते, काय धीराची बाई आहे. दोन महिन्यांनी तेच लोक म्हणायला लागले, बाई आहे की दगड. लोकांचं काय, त्यांना दोन्हीकडून बोलायला आवडतं. फाडूताईंना दोन्ही पटत नसे. धीर वगैरे काही नव्हता आणि दगडाचंही त्यांना काही समजत नव्हतं. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात तेव्हा गाल कसा होतो, बोट लावून बघावं तर तो दुसऱ्याच कुणाचा तरी वाटतो, तसं त्यांचं झालं होतं. औषधाचा असर उतरेल म्हणून त्या वाट बघत राहिल्या. तो उतरला नाही. त्या वेळेवर उठत, वेळेवर जेवत, बस चुकू देत नसत, आणि घरी आल्यावर हातपाय धुऊन खुर्चीत बसत. टीव्ही चालू असे. काय लागलंय ते विचारलं तर सांगता आलं नसतं.

घरात दुसरं माणूस म्हणजे लेक. चोवीस वर्षांची, बापासारखी उंच आणि बापासारखीच बडबडी. एक दिवस तिने एक पत्र आणून आईपुढे ठेवलं. जंगलातली झाडं मोजायच्या कामावर तिची निवड झाली होती.

"आई, दोन वर्षांचं काम आहे."

"बरं."

"तंबूत राहायचं. दर तीन आठवड्यांनी मुक्काम हलवायचा."

"बरं."

"तिथे फोन लागेलच असं नाही. कधी लागेल, कधी नाही."

"बरं. हात धू, जेवायला वाढते."

लेकीने पत्राची घडी केली आणि ते आत नेऊन ठेवलं.

त्या दिवसापासून पोरीला काय हवं होतं, हे न कळण्याइतक्या फाडूताई खुळ्या नव्हत्या. तिला आईकडून एक शब्द हवा होता. हसून 'जा' म्हटलं असतं तरी चाललं असतं, रडून 'जाऊ नको' म्हटलं असतं तरी चाललं असतं. फाडूताई रोज बसमध्ये खिडकीशी बसून आत शोधत, की ह्यातलं आपल्याला नक्की काय वाटतंय. हाताला काही लागत नसे. निघायला तीन आठवडे होते, मग दोन उरले. शनिवारी सकाळचं विमान होतं आणि तोवर काहीतरी वाटायला हवं होतं. ठरवून वाटत नसतं ही तर पंचाईत.

म्हणून एका संध्याकाळी लेक म्हणाली, "सॅक घ्यायची आहे, येतेस?" तेव्हा फाडूताईंना हायसं वाटलं. ह्या एका विषयावर त्यांच्याकडे बोलण्यासारखं काहीतरी होतं.

अट मोठी विचित्र होती. शेवटच्या टप्प्याचं विमान अगदी लहान, त्यात सामानाचा वेगळा कप्पाच नाही. प्रत्येकाने एकच पिशवी न्यायची आणि ती डोक्यावरच्या फळीत मावली पाहिजे. मापं कागदावर लिहून आली होती: पंचावन्न, पस्तीस, बावीस सेंटिमीटर. ह्याहून बोटभर मोठी असली तर जमिनीवरच ठेवून जा. आणि तीच सॅक पुढे दोन वर्षं पावसात, काट्यांत, जीपच्या टपावर आणि दगडांवर वापरायची. म्हणजे अंगाने किरकोळ पण हाडापेराने दणकट असा नग पाहिजे होता. फाडूताईंनी पर्समध्ये मोजपट्टी टाकली.

"तुमच्याच कारखान्याची घेऊ या की," लेक म्हणाली. "तुला सूटही मिळेल."

"आमची नको."

"का?"

"मला माहीत आहे म्हणून."

पहिल्या दुकानातला माणूस गोडबोल्या होता. त्याने एक हिरवीगार सॅक समोर ठेवली. तिला अठरा कप्पे होते, पाण्याच्या बाटलीची जाळी होती, शिट्टी होती, आणि चष्मा ठेवायला मऊ अस्तराचा खण होता. लेकीचे डोळे चमकले.

"अठरा कप्पे म्हणजे अठरा चेनी," फाडूताई म्हणाल्या. "अठरा चेनी म्हणजे बिघडायच्या अठरा जागा. आणि होकायंत्र कुठल्या खणात ठेवलं ते शोधण्यातच तुझा दिवस जाईल."

मग त्यांनी सॅक उघडली, आत कोपरापर्यंत हात घातला आणि ती आतून बाहेर उलटवली. सगळी अस्तरं लोंबायला लागली. दुकानदाराच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अहो मॅडम, सॅक आहे ती. मासा साफ केल्यासारखं काय करताय?"

"बाहेरून सगळ्याच चांगल्या घरातल्या वाटतात," फाडूताई शांतपणे म्हणाल्या. "शिवण आत असते." त्यांनी खांद्याचा पट्टा जिथे जोडला होता तिथे अंगठा रोवला आणि एकच हिसका दिला. टक् असा बारीक आवाज झाला. दोन टाके गेले होते.

"तो नुसता दाखवायचा पीस आहे," दुकानदार घाईघाईने म्हणाला.

"मग विकायचा दाखवा."

विकायचा काही निघाला नाही. दुसऱ्या दुकानात सगळ्या सॅक अवाढव्य होत्या. एक तर इतकी मोठी की लेक म्हणाली, "आई, हिच्यात मला सासरच्या माणसांसकट भरता येईल." फाडूताईंनी मोजपट्टी लावली आणि मान हलवली. विनोद झाला होता हे त्यांच्या पाच-सात पावलांनंतर लक्षात आलं. तोपर्यंत लेक पुढे निघून गेली होती.

तिसरं दुकान एका वयस्क बाईंचं होतं. त्या फारशा बोलत नव्हत्या आणि कुणी सॅक उलटीपालटी केली तरी त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. तिथे वरच्या फळीवर एक राखाडी सॅक होती. तिच्यात नखरा कसला तो नव्हता. एक मोठं पोट, बाजूला एक कप्पा, बस. फाडूताईंनी ती खाली घेतली आणि पाऊण तास सोडली नाही. कापड जाड नायलॉनचं, बारीक चौकटीच्या विणीचं, म्हणजे भोक पडलंच तरी फाटत पुढे जाणार नाही. तळ एकसंध, मध्ये जोड नाही. चेनीचे दात रुंद. पट्टा नुसता वरून चिकटवलेला नव्हता, दोन कापडांच्या मध्ये जाऊन शिवणीत अडकलेला होता, आणि जोडावर दाट आडवे टाके घातलेले होते. ह्या टाक्यांना कारखान्यात बारटॅक म्हणतात. सॅकचा सगळा जीव तिथे असतो. फाडूताईंनी ते टाके मोजले. मग दुसऱ्या बाजूचे मोजले. दोन्हीकडे सारखे होते.

"ही," त्या म्हणाल्या.

लेकीने सॅक पाठीवर चढवली, कमरेचा पट्टा लावला, छातीचा पट्टा लावला आणि आरशापुढे वळून उभी राहिली. एकदम कुठेतरी निघालेलं माणूस दिसायला लागली. "कशी दिसते?"

"डावा पट्टा अर्धा इंच वर घे," फाडूताई म्हणाल्या.

ह्या मापाचा तो शेवटचा नग होता. घेऊन त्या बाहेर पडल्या. बसथांब्याकडे जाताना लेक सॅकचा पट्टा बोटाला गुंडाळत होती. मग तिने तो सोडला.

"आई, तू त्या सॅकची कितीतरी चौकशी केलीस. कापड कुठलं, दोरा कुठला, वजन किती पेलेल, पाण्यात टिकेल का. माझी एवढीशीही केली नाहीस."

फाडूताईंनी तोंड उघडलं. आत काहीतरी असायला हवं होतं. "शिवण चांगली आहे," त्या म्हणाल्या.

लेकीने मान डोलावली आणि बस येतेय का ते बघायला लागली.

गुरुवारी संध्याकाळी सामान भरून झालं तेव्हा फाडूताई म्हणाल्या, "एक दिवस सॅक दे. उद्या मशीनवर घालून बघते. पाच हजार नाही, दोनशेच हिसके. तेवढ्याने तिला काही होत नाही. पण एखादा कच्चा टाका असला तर इथेच कळेल, जंगलात नको कळायला."

लेकीने भरलेलं सगळं पुन्हा पलंगावर ओतलं. "ने. पास झाली का ते सांग." मग जरा थांबून म्हणाली, "निदान तिचा तरी निकाल लागेल."

टोमणा होता. फाडूताईंना तो कळला. लागला मात्र नाही.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत सुपरवायझरला विचारून त्यांनी झटका मशीन मोकळं करून घेतलं.

"घरचं काम?" सुपरवायझरने विचारलं.

"लेकीचं. उद्या जाते ती."

"मग नीट बघा ताई, एकुलती एक आहे," तो म्हणाला आणि डबा खायला गेला.

एक खबरदारी फाडूताईंनी आधीच घेतली होती. आपला हात त्यांना चांगला ठाऊक होता. म्हणून त्यांनी कमरेची सुरी सोडली आणि दाराजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवली. मग सॅकमध्ये दहा किलो वाळू भरली, आकड्याला लावली, आणि दोनशेवर काटा ठेवून कळ दाबली.

एरवी मशीन चालू झालं की त्या दुसरं काम बघत. आज बघत उभ्या राहिल्या. सॅक वर जायची आणि धाडकन खाली यायची. हा पट्टा पोरीच्या खांद्यावर असणार, त्यांनी मनाशी म्हणून बघितलं. हा भार तिच्या पाठीवर असणार. ती उद्या ह्या वेळी विमानात असेल. परवा कुठे असेल, आपल्याला कळणारही नाही. एकेक वाक्य त्या मनात म्हणत होत्या आणि काही हलतंय का ते बघत होत्या. मशीन तेवढं हलत होतं. दोनशे झाले, ते थांबलं. त्यांनी भिंग घेऊन बारटॅक तपासले. एक धागा जागचा सरकला नव्हता. एकोणीस वर्षांत इतकी चांगली शिवण त्यांनी पाच-सहा वेळाच पाहिली असेल.

त्यांनी वाळू उपसली. सॅक काढली, उलटी केली, चिरली, टाकली.

मग टेबलाशी बसून त्यांनी वही उघडली. तारीख लिहिली. गट क्रमांकाच्या रकान्यात काय लिहायचं ते आठवेना, म्हणून सॅकला लावलेली चिठ्ठी बघायला त्या पिंपाशी गेल्या. पिंपात राखाडी सॅक पालथी पडली होती आणि तिची बाहेरची बाजू ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत उघडी होती. चिठ्ठी कुठून असणार? ती त्यांच्या लेकीची सॅक होती.

फाडूताई तिथेच उभ्या राहिल्या. हाताची सवय, त्यांनी स्वतःला सांगितलं. एकोणीस वर्षांची सवय, दुसरं काय. पण सुरी अजून त्यांच्या हातात होती, आणि खिळा दाराजवळ होता. टेबलापासून दारापर्यंत चार पावलं. तिथे जायला चार आणि परत यायला चार. एवढी पावलं हात एकटा चालत नाही.

शिवणमास्तर डबा धुवायला जाताना आत डोकावले. पिंपाकडे बघून त्यांना काय झालं ते लगेच कळलं. ते ह्या कारखान्यात फाडूताईंहून जुने होते.

"ही तुमच्या पोरीची ना?"

"हो."

"अरेरे. द्या इकडे. आतून तुकडा लावून मशीन मारतो, वरून पट्टी देतो. तिला वाटेल, असंच डिझाईन आहे."

फाडूताईंनी सॅक उचलली आणि त्यांच्या हातात देणारच होत्या. सरळ मार्ग होता. पाच मिनिटांचं काम, कुणाला पत्ताही लागला नसता. पण त्यांनी ती परत छातीशी घेतली.

"नको," त्या म्हणाल्या.

"अहो, का?"

ते त्यांनाही सांगता आलं नाही. मास्तर आपल्या टेबलावरून जाड कापडाचा एक तुकडा, पक्का दोरा आणि टोचा घेऊन आले आणि ते सगळं त्यांच्या पिशवीत कोंबून निघून गेले. शहाणा माणूस.

घरी लेक पलंगावर सामानाच्या ढिगाऱ्यात बसली होती. मोजे, दोरखंड, टॉर्च, वह्या. "आलीस? पास ना?"

फाडूताईंनी सॅक तिच्यापुढे पालथी ठेवली.

लेकीने बोटाने ती चीर उघडली. बोट आरपार गेलं. "हे काय?"

"मी चिरली."

"तू? का?"

"हाताची सवय," फाडूताई म्हणाल्या. तेवढ्यावर ते मिटलं असतं. लेकीने आईच्या कामाच्या गोष्टी लहानपणापासून ऐकल्या होत्या, तिला ते पटलंही असतं. पण फाडूताईंना ते तसंच सोडवेना. "नाही. सवय नाही. सुरी मी मुद्दाम लांब ठेवली होती. दाराशी, खिळ्याला. मी तिथे जाऊन ती घेऊन आले."

लेकीने चिरीतून बोट बाहेर काढलं.

"म्हणजे तू ठरवून..."

"ठरवून नाही गं. मला कळलंच नाही मी काय करतेय ते." त्या पलंगाच्या कडेला बसल्या. "तू जाऊ नयेस असं मला वाटत असावं."

"वाटत असावं?"

"मला माहीत नाही. तुझे बाबा गेल्यापासून मला कशाचंच काही वाटत नाही. मी रोज बघते. आत काही नाहीच. तुझ्याकडे बघून तरी काही वाटेल म्हणून बघते. तुला काय हवंय ते मला कळत होतं. कुठून आणून देऊ?" हे सगळं त्या नेहमीच्याच आवाजात बोलत होत्या, भाजीचा भाव सांगावा तसं. "पण मी उठून सुरी घेऊन आले. एवढं मात्र खरं आहे."

लेक आधी हसली. मग तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती मोज्यांच्या ढिगात तोंड खुपसून हमसून हमसून रडायला लागली. फाडूताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. काय करावं ते न सुचून तो तसाच ठेवला.

"मला वाटलं, मी जातेय म्हणून तुला सुटल्यासारखं वाटतंय," लेक रडता रडता म्हणाली. "घरात कुणी बोलणारं नको झालंय तुला, असं वाटलं मला."

"नाही गं."

"इतके दिवस मी..."

थोड्या वेळाने फाडूताई उठल्या. "ऊठ. दुकानं आठपर्यंत उघडी असतात. दुसरी घेऊ."

"नको. हीच नेणार."

"वेडी आहेस का? मोठ्या पोटाचा भाग आहे तो. सगळा भार तिथेच येतो. चिरलेला नग बाहेर जाऊ द्यायचा नाही हा नियम आहे."

"तुमच्या कारखान्याचा. ही कुठे तुमच्या कारखान्याची आहे?"

"पाणी आत येईल."

"मग शीव ना."

"कितीही शिवली तरी पहिल्यासारखी होणार नाही. मी सांगते तुला. मी दुसऱ्या कुणाला ही कधी घेऊ दिली नसती."

"मला माहीत आहे," लेक म्हणाली आणि नाक पुसून सॅक ओढून घेतली. "शीव."

घरच्या शिलाई मशीनला एवढं जाड कापड झेपलं नसतं. हातानेच शिवावं लागलं. मास्तरांनी दिलेला तुकडा आतून लावला. फाडूताई बाहेरून टोच्याने भोक पाडून सुई आत ढकलायच्या आणि लेक सॅकमध्ये हात घालून ती पकडायची, ओढायची आणि परत बाहेर ढकलायची. दोनदा सुई तिच्या बोटात गेली. दोनदा ती ओरडली. फाडूताई फाडण्यात हुशार होत्या, शिवण्यात नाही. चिरीवरून टाके असे वेडेवाकडे गेले की मास्तरांनी बघितलं असतं तर तोंड फिरवलं असतं. जेवायची वेळ होईपर्यंत ते काम चाललं. दोघी फारसं बोलल्या नाहीत, "थांब," "ओढ," "हं," एवढंच. शेवटची गाठ मारल्यावर फाडूताईंनी सवयीने शिवणीवर अंगठा रोवला आणि हिसका दिला. शिवण टिकली. पण ती किती दिवस टिकेल हे त्यांना सांगता आलं नसतं, आणि ह्या विषयात त्यांना सांगता येत नाही असं आजवर झालं नव्हतं.

सकाळी गाडी वेळेआधीच आली. ड्रायव्हरने खालून हॉर्न दिला. लेकीने सॅक पाठीवर चढवली, कमरेचा पट्टा लावला, छातीचा पट्टा लावला. डावा अर्धा इंच वर घेतलेलाच होता. गॅस बंद आहे ना बघ, औषधं दुसऱ्या खणात आहेत, किल्ली शेजारी ठेवलीय, अशी तिचीच सगळी लगबग चालली होती. फाडूताई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्यांना काही होत नव्हतं. रात्री त्यांना वाटलं होतं, सकाळी तरी काही होईल. पण सकाळ रोजच्यासारखीच निघाली. जिन्यात उजेड होता, कुणाच्या तरी घरात नळ वाहत होता.

"चल, येते मी," लेक म्हणाली आणि दोन पायऱ्या उतरली.

तिची पाठ फिरली तेव्हा ती शिवण दिसली. राखाडी कापडावर काळा दोरा, ह्या खांद्यापासून त्या कमरेपर्यंत. पहिल्याच वजनाने मधले दोन टाके किंचित ताणले गेले होते.

"जाऊ नको," फाडूताई म्हणाल्या.

त्या इतक्या हळू बोलल्या होत्या की लेकीला ऐकू गेलं नसेल असं त्यांना वाटलं. पण लेक थांबली. वळली.

"काय म्हणालीस?"

"जाऊ नको ना गं." आता आवाज मोठा आला, आणि तो त्यांचा नव्हताच, कुणातरी लहान मुलीचा होता. "नको जाऊस. मी काय करू इथे? नको जाऊस."

लेक दोन पायऱ्या वर आली आणि सॅकसकट आईच्या गळ्यात पडली. खाली हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. ती बराच वेळ सोडेना. सोडलं तेव्हा तिचा चेहरा रडून लाल झाला होता आणि तरी उजळला होता. तीन आठवड्यांत तो असा दिसला नव्हता.

"येते हं आई," ती म्हणाली आणि धडाधड जिना उतरून गेली.

गाडीचं दार लागलं. फाडूताई पहिल्या पायरीवर बसल्या. छातीत डाव्या बाजूला दुखत होतं, दातांच्या मुळांशीसुद्धा दुखत होतं. सव्वा वर्षाचं सगळं एकदम आलं होतं आणि त्यात कुठलं नवऱ्याचं आणि कुठलं लेकीचं ते वेगळं करता येत नव्हतं. त्या मोठमोठ्याने रडत होत्या.

आवाज ऐकून शेजारच्या काकू दार उघडून बाहेर आल्या. फाडूताईंना असं रडताना बघून त्या घाबरल्याच. "अहो, काय झालं? गेली का लेक? अहो, चांगल्या कामाला गेलीय ती, हसून निरोप द्यायचा असतो. तुम्ही एवढ्या धीराच्या. दिलात ना नीट निरोप?"

"नाही," फाडूताई पदराने तोंड पुसत, हुंदके देत म्हणाल्या. "जाऊ नको म्हटलं मी तिला. म्हटलं मी."